वावरात उजळ दिसलेलं चित्र घरी येऊन मळकट का होतं? कारणं आणि उपाय

बाहेर बसून निसर्गचित्र करणाऱ्यांची एक तक्रार वर्षानुवर्षं तीच आहे. वावराच्या धुऱ्यावर (बांधावर) बसून काढत होतो तेव्हा चित्र उजळ होतं, त्यात ऊन होतं. संध्याकाळी घरी आणून भिंतीला टेकवलं तर सगळं मळकट, काळपट. मग पुढच्या खेपेला महागाचे रंग घेतले जातात, जाड कागद घेतला जातो, आणि तक्रार जागच्या जागीच. मी यवतमाळ-वर्धा भागात शाळेतल्या मुलांना आणि सुटीच्या दिवशी येणाऱ्या मोठ्यांना घेऊन वावरात, नाल्याकाठी, तलावाच्या पाळीवर चित्रं काढायला बसतो. दर हंगामात नवीन माणसं येतात आणि हाच प्रश्न घेऊन येतात. उत्तर बहुतेक वेळा रंगपेटीत सापडत नाही. कागद कुठल्या उजेडात धरला होता, इथून शोध सुरू करावा लागतो.

आधी दुखणं कोणतं ते ओळखा

रात्री दिव्याखाली पाहून चित्राचा निकाल लावू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ते ओसरीत आणा, थेट ऊन लागणार नाही असं उभं करा आणि पाच-सात पावलं मागे जा. इथे चित्र ठीक दिसलं तर दोष घरातल्या दिव्याचा. पिवळट बल्बखाली निळे-जांभळे रंग मरतात, आणि उन्हाच्या चित्रातल्या सावल्या बहुतेक त्याच रंगांच्या असतात.

ओसरीतही चित्र सगळीकडून सारखंच काळवंडलेलं दिसलं, तर कागद उन्हात होता. उजेडाचे भाग चांगले पण सावल्या मेलेल्या, तर ते काळ्या रंगाचं काम. कागदाचे तंतू उठलेत, रंग गढूळ झालेत, तर वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पसरट हात, वाळण्याचं गणित चुकलं. रंग स्वच्छ आहेत पण ऊन कुठून पडलंय ते कळत नाही, तर चित्रात दोन वेळांचा उजेड मिसळला. आणि तांबडे-नारिंगी रंग अंगावर येत असतील तर चित्र बहुधा सूर्य बुडाल्यावर संपवलंय.

सगळ्यांत जास्त चित्रं पहिल्यांदा काळवंडतात ती उन्हातल्या कागदामुळे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

कागद उन्हात होता

उघड्या वावरात दुपारचं थेट ऊन सुमारे एक लाख लक्स (उजेड मोजायचं एकक) भरतं. रात्री एका ट्यूबलाइटच्या खोलीत, टेबलावर, शे-दोनशे लक्स मिळाले तरी पुष्कळ. एवढ्या फरकातही डोळा काम करतो, कारण तो स्वतःला जुळवून घेतो. पण किती जुळवून घेतलं याचा आपल्याला पत्ता लागू देत नाही. भर उन्हात पांढरा कागद डोळ्यांत खुपतो. ती चमक मारायची म्हणून हात आपोआप गडद रंगाकडे जातो. त्यात भरपूर उजेडात कोणताही रंग जास्त रंगीत दिसतो आणि गडद-फिक्यातलं अंतरही मोठं वाटतं. रंगदृष्टीच्या शास्त्रात पहिल्या गोष्टीला हंट परिणाम म्हणतात, दुसरीला स्टीव्हन्स परिणाम. उन्हात जांभळट तपकिरी रंगाचा जो पट्टा भरघोस वाटला होता, तो खोलीत नुसता तपकिरी उरतो. रंगाला काही झालेलं नसतं, त्याच्यावरचा उजेड गेलेला असतो.

जलरंगात यावर आणखी भर पडते. ओला रंग गडद आणि तजेलदार दिसतो, वाळला की फिका आणि थोडा निस्तेज होतो. उन्हातला ओला रंग पाहून निर्णय घेणं म्हणजे दोन्हीकडून फसणं. पोस्टर कलरमध्ये गडद रंग वाळून फिके होतात आणि फिके रंग किंचित गडद. दोन्ही टोकं एकमेकांकडे सरकतात आणि चित्र सपाट पडतं. ॲक्रिलिक उलट वाळल्यावर थोडं गडद होतं. आपण जे माध्यम वापरतो त्याच्या आठ-दहा रंगांच्या पट्ट्या घरी करून, वाळलेल्या पट्टीशेजारी तोच रंग ओला लावून पाहा. एका बैठकीचं काम आहे आणि आयुष्यभर पुरतं.

मुख्य उपाय साधा आहे. फळी अशी धरा की तिची पाठ सूर्याकडे राहील आणि कागदावर फळीचीच सावली पडेल. सूर्य बाजूला असेल तर थोडं तिरकं बसा, पण कागद सावलीत आला पाहिजे. पॅलेटही त्याच सावलीत हवी. कागद सावलीत आणि पॅलेट उन्हात असं बसलेली माणसं मी नेहमी पाहतो. ती रंग एका उजेडात मिसळतात आणि दुसऱ्या उजेडात लावतात, मग प्रत्येक फटकारा चुकतो आणि का ते कळत नाही.

सावली मिळाली म्हणून कुठलीही चालत नाही. कडुनिंबाखाली किंवा बाभळीखाली कवडसे पडतात. कागदावर उन्हाचे ठिपके नाचत असतील तर त्यापेक्षा सरळ ऊन परवडलं, निदान ते सगळीकडे सारखं असतं. दाट झाडाखाली पानांतून आलेला हिरवा उजेड कागदावर पडतो; डोळा त्याला सरावतो आणि आपण नकळत तांबूस रंग वाढवतो. छत्री लावायची तर पांढरी, राखाडी किंवा काळी. लाल-निळ्या पट्ट्यांची छत्री अख्खं चित्र रंगवून टाकते. भडक तांबडा सदरा घालून बसलात तर त्याचाही रंग कागदावर उतरतो. रंगीत काचेचा गॉगल काम करताना काढून ठेवा. आणि गोठ्यात किंवा आंब्याच्या अगदी गच्च सावलीत बसून समोरचं उन्हातलं वावर रंगवलंत, तर उलटा प्रकार घडतो: कागद काळोखा दिसतो, आपण रंग फिके लावत जातो, आणि घरी चित्र धुतल्यासारखं पांढरट निघतं.

सगळ्याच ठिकाणी मनासारखी सावली मिळत नाही. तुरीच्या वावरात मैलभर झाड नसतं. अशा वेळी कामाला येते ती राखाडी पट्टी. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर घरी, ओसरीच्या उजेडात, पाच टप्पे रंगवा: कोरा पांढरा, फिका राखाडी, मधला, गडद, आणि जवळजवळ काळा. ही पट्टी फळीच्या कडेला क्लिपने लावून ठेवा. आता समोरच्या कुटाराच्या गंजीच्या सावलीचा रंग मिसळलात की तो रंग कागदाच्या तुकड्यावर लावून पट्टीशेजारी धरा. ‘मध्यम गडद’ म्हणून मिसळलेला रंग पट्टीवरच्या जवळजवळ काळ्याला जाऊन भिडलेला दिसेल. पट्टी आणि रंग दोन्ही एकाच उजेडात असतात, त्यामुळे ऊन असो की ढग, तुलना खरी राहते. माझ्याकडे येणाऱ्या नव्या माणसाला मी ब्रश घेऊ देण्याआधी ही पट्टी करायला लावतो. कंटाळतात, पण लावतो.

कागदाची ऐपत

चुना लावलेल्या उन्हातल्या भिंतीपासून गोठ्याच्या आतल्या अंधारापर्यंत उजेडाचं अंतर शेकडो पटींचं असतं. कोरा कागद आणि त्यावरचा सगळ्यांत गडद जलरंग यांच्यात ते जेमतेम वीस-पंचवीस पट. म्हणजे जे दिसतं ते जसंच्या तसं उतरवणं कागदाच्या ऐपतीतच नाही. निवड करावी लागते, आणि ती सुरुवातीलाच करावी लागते.

मी तीन टोनांवर, म्हणजे गडद-फिक्याच्या तीन पायऱ्यांवर, येतो. डोळे किलकिले करून समोर पाहा. बारीकसारीक गोष्टी विरघळतात आणि फिक्याचा, मधल्याचा, गडदाचा असे तीन मोठे तुकडे उरतात. काडेपेटीएवढ्या चौकटीत पेन्सिलने ते मांडा. ज्या चित्रात ऊन दिसतं त्यात बहुतेक वेळा या तिघांपैकी एकाचं राज्य असतं, दुसऱ्याचा वाटा कमी आणि तिसऱ्याचा अगदी थोडा. तिघांना सारखी जागा दिली की चित्र ठिगळांसारखं होतं. फोन बरोबर असेल तर कॅमेरा कृष्णधवल करून दृश्य आणि चित्र दोन्ही पाहा, पण त्यातल्या सावल्यांवर भरवसा ठेवू नका. फोनला आकाश सांभाळायचं असतं म्हणून तो झाडाखालची सावली काळी करून टाकतो, किंवा उलट ती नको इतकी उघडतो. आपला डोळा त्या सावलीत गवत, धूळ, बसलेली गाय सगळं पाहत असतो.

टोन सांभाळला की रंगाला मोकळीक मिळते. ज्यांना भावनेनं, जोरानं रंगवायचंय त्यांनी हे नीट ऐकावं. पळसाच्या झाडामागची टेकडी जांभळी लावा, तांबडी लावा, निळी लावा. ती पळसापेक्षा जितकी गडद आहे तितकी गडद राहिली तर ऊन टिकतं. टोन चुकला तर समोर दिसतो तोच रंग अगदी तंतोतंत लावूनही ऊन येत नाही. चित्रकार सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ या काळात नागपूरच्या चित्रकला शाळेत शिकले. त्यांची सुरुवातीची निसर्गचित्रं जलरंगातली. पुढे फ्रान्समध्ये गेल्यावर घरं-झाडं हळूहळू वितळत गेली आणि रंगच बोलू लागला. त्या रंगाच्या जोरामागे गडद-फिक्याची फार कडक मांडणी आहे. त्यांच्या छापील चित्रांचे फोटो कृष्णधवल करून पाहा, लगेच दिसेल.

काळी माती काळी नसते

सावल्या मेल्या असतील तर पेटीतला काळा रंग बाजूला काढा. निदान एक हंगाम.

आपल्याकडे हा दोष जास्त दिसतो त्याला कारणही आपल्या जमिनीतच आहे. बेसॉल्ट खडक झिजून झालेली कापसाची काळी माती. नावातच काळी, त्यामुळे हात सरळ काळ्या रंगाकडे जातो. एकदा एक मुलगी नांगरलेलं वावर रंगवत होती. वावराचे मालक काका बैलांना पाणी दाखवून येता येता थांबले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, “माय, ह्या उन्हात माही माती येवढी काळी कुठं दिसते? हे तं रातचं वावर झालं.” अगदी बरोबर बोलले. कोरडी काळी माती उन्हात राखाडी, किंचित जांभळट दिसते. सकाळच्या तिरप्या उन्हात ढेकळांच्या उजेडाच्या बाजू उबदार करड्या, कधी गुलाबीसुद्धा, आणि सावलीच्या बाजू निळसर. पाऊस पडून गेला की तीच माती गडद तपकिरी. भेगा पडलेल्या चैत्रातल्या जमिनीत खरा गडद रंग फक्त भेगांच्या आत असतो, बाकी पृष्ठभाग जवळजवळ राखेच्या रंगाचा. भंडारा-गोंदियाकडे, झाडीपट्टीत, धानाच्या बांध्यांची माती पिवळट-तांबूस, तिथला हिशेब आणखी वेगळा.

जमिनीवरच्या सावलीत ऊन नसतं, पण उजेड असतो. तो वरच्या निळ्या आकाशातून येतो, म्हणून सावली निळसर. कवेलूच्या छपराखाली, वळचणीच्या आतल्या बाजूला मात्र उन्हाने तापलेल्या अंगणाचा उजेड खालून उसळी मारतो, म्हणून ती जागा सावलीत असूनही उबदार, कधी चक्क नारिंगी दिसते. एकाच घराच्या दोन सावल्या, एक थंड एक उबदार. हे एकदा दिसलं की काळा रंग लावायला मन धजत नाही.

गडद रंगासाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना हे जोडपं पुरेसं आहे. निळा जास्त घातला तर थंड सावली, तपकिरी जास्त घातला तर उबदार. दोन्ही घट्ट घेतले तर जवळजवळ काळा, आणि त्यातही रंग जिवंत राहतो. दोन्ही रंग पॅलेटवर पूर्ण घोटू नका. अर्धवट मिसळून कागदावर सोडा, तिथे ते आपापसात वाहू देत. फिक्या सावलीसाठी भरपूर पाणी आणि निळ्यात चिमूटभर क्रिमसन, म्हणजे गडद तांबडा.

शेजारच्या रंगाचाही विचार करावा लागतो. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत काळ्या लोकरीचा रंग फिका पडतो अशी तक्रार होती. तिथल्या रंगविभागाचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी तपास केला, तर काळा रंग पक्का निघाला. शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो फिका दिसत होता. यावरचा त्यांचा ग्रंथ १८३९ मध्ये निघाला आणि पुढच्या पिढ्यांच्या चित्रकारांनी तो अभ्यासला. आपल्या कामाचा मुद्दा एवढाच की रंग एकटा कधीच दिसत नाही. ऊन फिकं वाटतंय म्हणून उन्हात आणखी पिवळा ओतण्याआधी शेजारच्या सावलीत थोडा जांभळा घालून पाहा.

पळसावर हे सगळ्यांत चांगलं कळतं. फाल्गुनात झाडावर पान नसतं, नुसती फुलं, आणि देठाकडचे पेले मखमली काळपट. बहुतेक जण आधी निळं आकाश पूर्ण भरतात आणि त्यावर नारिंगी लावतात. पारदर्शक जलरंगात निळ्यावर नारिंगी म्हणजे तपकिरी चिखल, कारण हे दोघे एकमेकांना मारतात. फुलांच्या जागा कोऱ्या सोडा, तिथे आधी पिवळा टेकवा, तो ओला असतानाच नारिंगी, आणि मग आकाश-टेकडी त्याच्या कडेकडेने आणा. मागची टेकडी करड्या निळ्याची ठेवा. पळस पेटेल.

कापसाच्या वावरासाठी वेगळी युक्ती. पऱ्हाटीवरची फुटलेली बोंडं पांढऱ्या रंगाने शेवटी ठिपके देऊन काढली की खडूची भुकटी सांडल्यासारखी दिसतात. वॉश देण्याआधी साध्या मेणबत्तीच्या किंवा पांढऱ्या ऑइल पेस्टलच्या टोकाने बोंडांच्या जागा घासून ठेवा. वरून रंग फिरवला की मेणावर पाणी थांबत नाही आणि कोरा कागद चमकतो. सगळी बोंडं पांढरी मात्र नको. उन्हाच्या विरुद्ध बाजूची निळसर राखाडी असतात.

हिरव्याबद्दल थोडक्यात. ट्यूबमधला सॅप ग्रीन जसाच्या तसा लावलेलं धानाचं वावर प्लास्टिकचं वाटतं. अल्ट्रामरीन आणि यलो ऑकरने सुरुवात करा, उन्हातल्या पानांना पिवळा वाढवा, फार भडक झाला तर बर्न्ट सिएनाचा एक थेंब. सूर्य झाडामागे असेल तेव्हा पानांतून उजेड आरपार येतो आणि ती पिवळी-पोपटी दिसतात. सूर्य आपल्या पाठीशी असेल तेव्हा त्याच पानांच्या पाठीवर आकाश चमकतं आणि ती निळसर. झाड तेच, हिरवे दोन.

रंग गढूळ झाले, कागद उठला

हा उन्हाळ्याचा रोग. चैत्र-वैशाखात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. वॉश अर्ध्यात येईपर्यंत वरची कड वाळते, मग आपण तिच्यावरून पुन्हा ब्रश फिरवतो, खालचा रंग सुटतो, वरच्यात मिसळतो आणि चिखल होतो. ब्रश जितका जास्त फिरेल तितका रंग मळेल.

कागद लहान घ्या. उन्हाळ्यात पोस्टकार्डाच्या दुप्पट आकार पुरे. ब्रश वाटतो त्यापेक्षा मोठा घ्या. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, असेल तर रंग देण्याआधी दोन्ही बाजूंनी ओला करून फळीवर टाका, पाठीतला ओलावा बराच वेळ साथ देतो. कुंड्यांवर मारायची बारीक फवाऱ्याची बाटली जवळ ठेवा. रंगाच्या पाण्यात दोन-चार थेंब ग्लिसरीन टाकलं तर वाळणं लांबतं, पण जास्त टाकलं तर चित्र चिकट राहतं, आणि पावसाळ्यात हा प्रयोग करूच नका. तेव्हा हवेतच इतका ओलावा असतो की पहिला वॉश वाळायची वाट पाहता पाहता पुढचा पाऊस येतो. त्या दिवसांत पेन्सिल, कोळसा, ऑइल पेस्टल बरे. ऑइल पेस्टल मेच्या उन्हात मात्र मऊ पडून पसरतात, डबा ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवावा लागतो.

उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत काम आटोपून जागेवरून उठायचं. डोक्यावर दुपट्टा, पिण्याच्या पाण्याची बाटली वेगळी. चित्रासाठी ऊन लागून घेण्यात काही पुरुषार्थ नाही.

उन्हाळ्यातलं आकाशही नीट पाहा: वर निळं, खाली क्षितिजाकडे धुळीमुळे दुधाळ, पिवळट. वरपासून खालपर्यंत एकच निळा ओढला की उष्मा गायब होतो.

चित्रात दोन वेळांचं ऊन

सूर्य तासाला १५ अंश सरकतो. सकाळी आठला बसून साडेदहापर्यंत रंगवत राहिलात तर सावल्यांनी जागा, लांबी आणि रंग तिन्ही बदललेलं असतं. डावीकडची सावली आठची, उजवीकडची दहाची, असं चित्र कितीही स्वच्छ असलं तरी त्यात ऊन पडत नाही.

बसल्या बसल्या पहिल्या दहा मिनिटांत सावल्यांच्या कडा पेन्सिलने आखा आणि एका फिक्या निळसर वॉशने सगळ्या सावल्या एकदम भरून टाका. नंतर त्या हलल्या तरी आपण हलवायच्या नाहीत. दीड तासाच्या वर बसू नका. चित्र अपुरं राहिलं तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी या; थंडीच्या दिवसांत आपल्याकडे आठवडाभर सारखंच निरभ्र ऊन मिळतं, ही मोठी सोय आहे. फ्रेंच चित्रकार मोने यांनी १८९०-९१ मध्ये जिव्हर्नी गावी गव्हाच्या गंज्या रंगवल्या तेव्हा अनेक कॅनव्हास बरोबर ठेवले आणि उजेड बदलला की कॅनव्हास बदलला. कुटाराच्या गंज्या आपल्या प्रत्येक वावरात आहेत. दोन फळ्या न्या, एक पहिल्या तासाची, एक दुसऱ्या तासाची. इंग्लंडचे चित्रकार जॉन कॉन्स्टेबल १८२१-२२ मध्ये ढगांचे अभ्यास करत तेव्हा त्या चित्रांच्या मागे तारीख, वेळ, वारा लिहीत. मीही मुलांना चित्रामागे वेळ, महिना आणि सूर्य कोणत्या हाताला होता हे लिहायला लावतो. घरी बसून पुरं करताना याचा फार उपयोग होतो.

वेळ निवडतानाही विचार हवा. मेच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे भर दुपारी सूर्य डोक्यावर येतो, खांबाची सावली खांबाच्या पायातच राहते. तेव्हा उजेड-सावलीचं चित्र शोधणं व्यर्थ. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीही सूर्य ४५ अंशांच्या आसपासच असतो, झाडाची सावली झाडाएवढी पडते, म्हणून थंडीत दुपारी बारालाही बसता येतं. ज्यांना नोकरी-शेतीमुळे सकाळ मिळत नाही त्यांनी हिवाळ्यातल्या रविवारी दुपारी बाहेर पडावं.

सूर्य बुडाल्यावर

तलावाच्या पाळीवर संध्याकाळी बसणं सगळ्यांना आवडतं. नवेगाव बांध असो की गावातला मामा (माजी मालगुजारी) तलाव, पाण्यावर रंग उतरतात आणि उठवत नाही. पण उजेड फार कमी झाला की डोळ्याची तांबड्या रंगाची जाण आधी मंदावते आणि निळा-हिरवा तुलनेने उजळ दिसू लागतो. याला पर्किंजे परिणाम म्हणतात. पॅलेटवरचा क्रिमसन काळपट दिसतो म्हणून आपण तो वाढवत जातो, आणि घरी दिव्याखाली क्षितिज भडकलेलं असतं. सूर्य बुडाला की रंग मिसळणं थांबवा. पाच-सात मिनिटं नुसतं पाहा, आकाश आणि पाण्यातलं नातं शब्दांत लिहून घ्या: आकाश पाण्यापेक्षा उजळ, पाळीचं प्रतिबिंब पाळीपेक्षा जरा फिकं, असं. रंग दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीत लावा. संध्याकाळचं चित्र आठवणीतून जास्त खरं होतं, हे माझं ठाम मत आहे.

जे आधीच काळवंडलंय त्याचं काय करायचं

फाडू नका. अल्ट्रामरीन, ऑकर, बर्न्ट सिएना हे रंग कागदावरून बऱ्यापैकी उठतात. जरा राठ ब्रश ओला करून उजेडाच्या जागेवर दोन-तीनदा फिरवा आणि लगेच टिश्यू किंवा जुन्या सुती कापडाने दाबून टिपा. प्रशियन ब्लू आणि थॅलोचे निळे-हिरवे कागदात मुरतात, ते उठायचे नाहीत, तिथे वेळ घालवू नका. त्यापेक्षा त्या अंधाऱ्या चित्रालाच रंगीत जमीन समजा आणि वरून ऑइल पेस्टलने फक्त ऊन ठेवा: भिंतीची एक कड, बैलाची पाठ, पाणंदीवरचा एक पट्टा. गडद जमिनीवर ठेवलेला फिका रंग कोऱ्या कागदावरच्यापेक्षा जास्त तेजाळतो. खाकी पुठ्ठ्यावर सुरुवातीपासूनच असं काम करून पाहण्यासारखं आहे. चित्राचा एखादाच कोपरा चांगला असेल तर पुठ्ठ्याची चौकट फिरवून तेवढाच शोधा आणि बाकी कापून टाका.

पाण्यावरची चमक हवी असेल तर जाड कागदावर ब्लेडचं टोक आडवं खरवडून रंगाखालचा पांढरा बाहेर काढता येतो. हे अगदी शेवटी, कागद पूर्ण कोरडा झाल्यावरच करा. ओल्या कागदावर ब्लेड फिरलं तर तंतू उठतात आणि त्या जागेवर पुढे जो रंग लागेल तो डाग होऊन बसतो.